मधल्या वेळातलं साखरपाणी

आमच्या संशोधन संस्थेत मामांना कामाबद्दल कुणी काही विचारत नसे. सांगत मात्र सगळेच. मामा, पिंजरे धुवा. मामा, उद्या आठही कुत्र्या उपाशी ठेवा. मामा, चौथ्या नंबरचा पट्टा सैल करा. मामा मान हलवायचे, "झालंच समजा" म्हणायचे आणि ते खरोखरच झालेलं असायचं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी काही विचारलं असेल, तर "मामा, चहा आला का?" एवढंच. त्यातली चार वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं आणि मीही विचारलं नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढे साहेबांबद्दल माझ्या तोंडून काही वाकडं निघालं, तर मी स्वतः काही धुतल्या तांदळासारखी नाही, हे ध्यानात असावं.

मामा म्हणजे कुत्र्यांच्या घराचे रखवालदार. संस्थेच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या पलीकडे, एक लांबट बैठी इमारत होती. आत दोन्ही बाजूंना चार-चार खोल्या, मधून उताराची मोरी आणि बारा महिने फिनेलचा वास. मामा इतके उंच आणि इतके किडकिडीत, की खाकी कोट घालून आले की खुंटीवरचा कोटच चालत आल्यासारखा वाटे. कोटाच्या वरच्या खिशात कायम एक चपटी बाटली, झाकणाला ड्रॉपर. पहिले तीन महिने माझी खात्री होती, की मामा कामावर चोरून घेतात. एकदा धीर करून म्हटलं, "मामा, खिशात काय आहे?"

"साखरपाणी," ते हसून म्हणाले. "घ्या, चाखून बघा. तुम्हाला काय वाटलं ते कळलं मला. माझ्या पोरीसाठी लागतं, ताई. ती बरोबर नसली तरी बाटली असते. सवय."

पोरीचं नाव काही का असेना, मामा तिला टिटवी म्हणायचे, कारण ती सकाळी डोळे उघडल्यापासून बोलत असायची. टिटवीला सहाव्या वर्षी मधुमेह झाला. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे, लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं. मग दिवसाला चार सुया, जन्मभर. मामी त्याआधीच गेलेल्या. त्यामुळे सुई टोचणं, जेवण मोजणं, शाळेत जाऊन बाईंना समजावणं, सगळं मामांच्या गळ्यात. सुई नीट पडली नाही, जेवायला उशीर झाला, की रक्तातली साखर एकदम उतरायची आणि पोर थरथरायला लागायची. तेव्हा पाच मिनिटांत साखर पोटात गेली नाही तर बेशुद्ध. मामांना ती थरथर टिटवीच्या आधी कळायची. बोलता बोलता तिचा एखादा शब्द अडखळला, की बाटली खिशातून बाहेर.

आणि आमचं काम काय होतं? तर इन्सुलिनची गोळी करायची. सुईऐवजी.

वाटतं तेवढं हे सोपं नाही. इन्सुलिन हे प्रथिन. तोंडाने घेतलं तर पोट त्याला औषध म्हणून ओळखत नाही. उकडलेलं अंडं समजतं आणि पचवून मोकळं होतं. आमच्या साहेबांनी आयुष्याची वीस वर्षं घालून एक कॅप्सूल तयार केली होती. बाहेरचा लेप असा, की पोटातल्या आम्लात विरघळणार नाही, आतड्यात गेल्यावरच सुटेल. आत इन्सुलिन, आणि जोडीला एक भुकटी, जी आतड्याची भिंत घटकाभर किलकिली करील. तेवढ्यात इन्सुलिनने रक्तात शिरायचं. मी नवी नवी नोकरीला लागले होते. जो ऐकेल त्याला हे सांगत सुटायचे. मामांनाही सांगितलं.

"म्हणजे मागच्या दाराने न्यायचं," मामा म्हणाले. "पोटाला पत्ता लागू द्यायचा नाही."

"अगदी तसंच."

"मग साहेब पोटापेक्षा लबाड हवेत."

"त्याची काळजी नको, मामा."

मामा तोंड दाबून हसले. मग हळूच विचारलं, "किती दिवस लागतील हो, रक्तवाल्या ताई?" मी कुत्र्यांचं रक्त काढायचे म्हणून त्यांनी मला हे नाव ठेवलं होतं. मी तेवीस वर्षांची होते आणि जगात मला कळत नाही असं काही नव्हतं. मी म्हटलं, "पाच-सहा वर्षं, फार तर." त्या वेळी टिटवी चौदा वर्षांची होती. मामांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे विशीत सुटेल."

असली आश्वासनं देणाऱ्यांची जीभ झडत का नाही, कोण जाणे. माझी तरी झडली नाही.

एकदा रजेचा अर्ज सही करून घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. शिलाई यंत्र चाललं की वरची जमीन घुमायची. दार टिटवीने उघडलं. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "तू रक्तवाली ताई ना? बाबा सांगतो. गोळी कुठवर आली? कडू असेल का? कडू असली तरी चालेल. मोठी असली तरी चालेल, मी आख्खी सुपारी गिळते, एकदा चुकून गिळलीय. हे बघ." तिने एक पत्र्याचा डबा पुढे केला. आत सुया, कापूस, स्पिरिटची बाटली. आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली, 'रंगपेन्सिली'.

"यात पेन्सिली कुठायत?" मी विचारलं.

"आत्ता नाहीत गं. गोळी आल्यावर ठेवणार. नाव आधी लावून ठेवलंय."

तेवढ्यात दुपारच्या सुईची वेळ झाली. मामांनी हात धुतले. टिटवी भिंतीकडे तोंड करून बसली आणि मोठ्याने पाढा म्हणू लागली. "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न..." त्यांचा तसा करारच होता. तिने पाढा म्हणायचा आणि मामांनी मधेच कुठेतरी टोचायचं. कुठे ते तिला कळता कामा नये. मुद्दाम सतराचा, कारण तो अवघड, त्यात लक्ष घालावं लागतं. "सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे—" एवढं म्हणून ती थांबली, खांदा किंचित वर गेला, आणि वळून माझ्याकडे बघून म्हणाली, "काल एक्कावन्नलाच टोचलं होतं."

मी घरी जाताना बसमध्ये रडले. दुसऱ्या दिवशी दुप्पट जोराने कामाला लागले. गोळी झालीच पाहिजे, हे त्या दिवसापासून मला माझ्या घरच्या कामासारखं झालं.

आता तपासणीचा दिवस कसा असायचा ते नीट सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

आदल्या संध्याकाळपासून आठही कुत्र्या उपाशी. साहेबांचा कडक नियम. पोटात अन्न असलं तर कॅप्सूल अडकून बसते, आणि मग लेप टिकेल की नाही सांगता येत नाही. सकाळी आठ वाजता चौघींना खरी कॅप्सूल, चौघींना रिकामी, दिसायला हुबेहूब. कुठल्या चौघी, ते दर वेळी बदलायचं. कुणाला कोणती, हे मामांना सांगायचं नाही. कॅप्सूल द्यायचं काम मात्र मामांचं, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून त्या सहज गिळत नसत. मामा जबडा उघडायचे, जिभेच्या मुळाशी कॅप्सूल ठेवायचे, तोंड मिटून गळा कुरवाळायचे आणि कानाशी पुटपुटायचे, "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..." कुत्र्यांना नावं ठेवायची नाहीत, माया लागते, असा साहेबांचा दुसरा नियम. मामांनी तो पाळला. चौथ्या नंबरच्या कुत्रीला ते 'चौथी' म्हणत. "चौथे, बाळा, गिळ बघू." आता याला नाव म्हणत नसतील तर नसोत.

मग मी दर तासाला यायचे, पुढच्या पायातून आठही जणींचं रक्त काढायचे आणि नळ्या घेऊन पळत मुख्य इमारतीत जायचे. तिथे रक्त यंत्रात फिरवून, साखर मोजून, उरलेलं अतिथंड कपाटात ठेवून परत येईपर्यंत पुढचा तास भरत आलेला असे. या मधल्या वेळात कुत्र्यांपाशी मामा एकटे.

गोळी लागू पडली, तर खऱ्या कॅप्सूलवाल्या चौघींची साखर उतरायला हवी. ती उतरत नव्हती. कागदावर रेघ सरळच्या सरळ. कधी थोडी खाली झुके आणि पुन्हा वर. साहेब म्हणत, "हा काही उतार नव्हे." लेप जाड केला, पातळ केला. भुकटी बदलली. डोस वाढवला. रेघ आपली सरळ. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते कुणालाच कळेना. आम्ही शिकलेली माणसं चार वर्षं साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

चार वर्षांत फक्त तीन दिवस असे निघाले, की साखर धाडकन उतरली. चौथीची तर एवढी, की ती आडवी झाली आणि धावपळ करून शिरेतून साखर द्यावी लागली. मी नाचायचीच बाकी होते. साहेबांनी वह्या मागवल्या, तारखा पाहिल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"या तिन्ही दिवशी तुझे मामा कुठे होते?"

मामा रजेवर होते. टिटवीला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्यांच्या जागी बदलीचा माणूस आला होता.

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "त्याने आदल्या दिवशी धड खायला घातलं नसेल, किंवा दोनदा कॅप्सूल चारली असेल. ज्या दिवशी नेहमीचा भरवशाचा माणूस नाही, त्या दिवसाचे आकडे धरायचे नाहीत. खोडून टाक."

पट्टी घेऊन लाल शाईने ते तीन दिवस मी खोडले. रेघ अगदी सरळ आली. मला त्या वेळी साहेबांच्या शिस्तीचं कौतुकच वाटलं.

चौथ्या वर्षाच्या शेवटी साहेबांनी अहवाल लिहिला, 'परिणाम आढळला नाही'. खाली त्यांची सही, तिच्याखाली माझी. काम बंद. कुत्र्या चांगल्या घरी द्यायच्या ठरल्या. मी बातमी सांगायला गेले तेव्हा मामा मोरी घासत होते. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला.

"म्हणजे येत नाही गोळी?"

"आपली नाही, मामा. दुसरे लोक करताहेत जगात. कुणीतरी करेल."

"हं." त्यांनी मोरीत साचलेलं पाणी पायाने पुढे लोटलं. "तिला काय सांगू?"

मी म्हटलं, "खरं ते सांगा." खऱ्याचा मला तेव्हा फार पुळका होता.

चौथीला मामांनी स्वतःच्या घरी नेलं. टिटवीला त्यांनी खरं ते सांगितलं. ती काही रडली-बिडली नाही म्हणे. चौथीच्या गळ्यात हात टाकून बसली, आणि दुसऱ्या दिवशी मामांना दिसलं, की डब्यावरची 'रंगपेन्सिली'ची चिठ्ठी नखाने खरवडून काढलेली आहे.

अठरा वर्षांची होती. एका छापखान्यात कामाला लागली होती. तिथे दुपारची सुई कुठे टोचायची, मोरीत उभं राहून? मैत्रिणी बघतात. मग दुपारची सुई राहू लागली. पुढे संध्याकाळचीही. मामांना सांगायची, "घेतली, बाबा." जी पोर दिवसभर खरं-खोटं न बघता बडबडायची, ती एवढं एकच खोटं नेमकं बोलायला शिकली. मामांना थरथर ओळखता यायची, पण साखर चढलेली कशी ओळखणार? चढलेली साखर बोलत नाही. ती गुपचूप आत काम करते. दोन वर्षांनी टिटवीला अंधूक दिसायला लागलं. तिसऱ्या वर्षी पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली.

मी दवाखान्यात जायचे. माझी नोकरी तीच होती, काम दुसरं. टिटवी यंत्राला जोडलेली असायची आणि तरीही बोलायची, पण हळू. एकदा मामा पाणी आणायला बाहेर गेले तेव्हा म्हणाली, "ताई, बाबाला वाटतं मी घाबरून सुया चुकवल्या. तसं नव्हतं गं. सुईची मला सवयच होती. पण आधी वाटायचं, आणखी थोडे दिवस. मग कळलं, थोडे दिवस नाहीत, सगळेच. मग कंटाळा आला." मी तिचा हात धरून बसले. तो हात सुयांनी इतका चाळणी झालेला होता, की कुठे धरावा कळेना.

तेविसाव्या वर्षी टिटवी गेली. चौथी त्यानंतर वर्षभर जगली, दाराकडे तोंड करून.

याला तीन वर्षं झाल्यावर आमच्या संस्थेत अतिथंड कपाट रिकामं करायचं निघालं. जुन्या नळ्या फेकायच्या होत्या. तळाशी माझ्याच अक्षरातली खोकी निघाली. आठ कुत्र्या, चार वर्षं. फेकवेना. दरम्यान एक नवी तपासणी निघाली होती, जी कुत्र्याचं स्वतःचं इन्सुलिन आणि आपण गोळीतून दिलेलं इन्सुलिन वेगवेगळं ओळखते. आमच्या वेळी ते जमत नव्हतं, म्हणून आम्ही नुसत्या साखरेवर भागवत होतो. म्हटलं, फेकायच्या आधी शेवटचं बघून घेऊ. म्हाताऱ्या नळ्यांची तेवढीच सेवा.

आकडे आले तेव्हा मी खुर्चीत बसले आणि उठलेच नाही. चौथीच्या रक्तात गोळीतलं इन्सुलिन होतं. भरपूर. एका दिवशी नाही, खरी गोळी दिलेल्या जवळजवळ प्रत्येक दिवशी. इतरांच्याही. ज्या-ज्या दिवशी आम्ही 'परिणाम नाही' लिहिलं होतं, त्या सगळ्या दिवशी गोळी आतड्यातून रक्तात पोचली होती. म्हणजे साखर उतरायलाच हवी होती. मग उतरली का नाही? आणि ती उतरली फक्त तीन दिवस, जेव्हा मामा रजेवर होते.

माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली, ती चपटी बाटली. बाटलीत काय आहे, ते मी विचारलं होतं. कुणाकुणाला पाजता, ते विचारायचं राहून गेलं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. शिंप्याचं दुकान तसंच, वर दोन खोल्या तशाच. मामा आता निवृत्त, आणखी वाळलेले. खिडकीत ती बाटली, भरलेली. मी बघते आहे असं पाहून ते ओशाळले. "सकाळी उठलं की हात आपोआप भरतो." त्यांनी बिनसाखरेचा चहा केला. त्या घरात चहात साखर कधी पडलीच नाही, साखर फक्त बाटलीत. मी ठरवून आले होते, की एवढंच विचारायचं, आणि उत्तर काही आलं तरी आपलं तोंड उघडायचं नाही.

"मामा, एक विचारायचं होतं."

"विचारा की. नवलच म्हणायचं."

"तपासणीच्या दिवशी, मी रक्त घेऊन गेले की पुन्हा येईपर्यंत तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? बसायचो त्यांच्यापाशी." त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्या कामाबद्दल विचारत होतं. "चौथीला थरथर सुटायची हो. आधी कान गार पडायचे, मग मागचे पाय. अगदी आमच्या टिटवीसारखं. मग काय, बाटली होतीच खिशात. जिभेखाली थोडं, मग आणखी थोडं. पाच मिनिटांत शेपटी हलायची. बाकीच्यांनाही व्हायचं पाळीपाळीने, त्यांनाही पाजायचो, पण हिला जास्त. चार वर्षांत मी असताना एकदाही पडू दिली नाही मी तिला. तो बदलीवाला आला आणि लगेच पाडलीन बघा."

"आम्हाला कधी बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं? उपाशी ठेवायचं ते गोळीसाठी, असं साहेबच म्हणाले होते. गोळी तर सकाळीच आत गेलेली. मग मुक्या जीवाला थरथरत कशाला ठेवायचं?"

त्यांची चूक शोधून सापडेना. मी त्यांच्या जागी असते, माझ्या घरी ती पोर असती, तर मीही पाजलं असतं.

"का हो विचारलंत?" मामा म्हणाले.

"सहज."

"सहज विचारायला कुणी दोन बसा बदलून येत नाही, ताई." त्यांनी कप खाली ठेवला. मग एखाद्या लहान मुलीला विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "थरथर कशाने सुटते?"

मी कप उचलून तोंडाला लावला.

"साखर उतरली की सुटते. सतरा वर्षं मी दुसरं काय केलं? आणि चौथीला तर मधुमेह नव्हता. मग तिची साखर उतरवली कुणी?"

"उपाशी असायची ना, मामा. त्याने." आयुष्यात इतकं लंगडं खोटं मी कधी बोलले नव्हते.

"उपाशी आठही असायच्या. थरथरायच्या त्या चौघीच. कधी ह्या चौघी, कधी त्या." ते थांबले, आणि मला दिसलं, की पुढचं त्यांना आत्ता, बोलता बोलता, कळतं आहे. "कुणाला खरी गोळी दिलीत आणि कुणाला रिकामी, ते मी तुम्हाला हात लावून सांगितलं असतं. तुम्ही सांगत नव्हतात, तरी."

त्यावर मला रडू फुटलं. अख्ख्या संस्थेत ती गोळी लागू पडते हे ओळखणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याकडून आम्ही मोरी धुऊन घेत होतो. मी पर्समधला कागद काढून पुढे ठेवला. लाल रेघांचंही सांगितलं, कुणी मारल्या तेही. मग जे मनात घोळवत आले होते ते भडाभडा बोलत सुटले, की कुत्र्याला लागू पडली म्हणजे माणसाला पडेल असं नाही, पुढे आणखी दहा वर्षं गेली असती, कदाचित फसलंही असतं, टिटवीपर्यंत ती गोळी पोचलीच नसती, मामा, हिशेबच लागत नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. कागदाला हातही लावला नाही.

"नसती पोचली," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तर खरंच असेल. पण तिला गोळी कुठे हवी होती, ताई? गोळी येणार आहे, एवढंच हवं होतं. तेवढ्यावर ती टोचून घेत होती." मग राग नसलेल्या आवाजात, "एकदा विचारायचं होतंत. मामा, मधल्या वेळात काय करता? एवढंच. मी लपवलं थोडंच असतं."

राग असता तर मला सोसला असता.

ते उठले. खिडकीतली बाटली घेतली, मोरीपाशी गेले, झाकण काढून साखरपाणी ओतून दिलं. बाटली विसळली. पुन्हा विसळली. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि तोंड भिंतीकडे. नळ बंद केल्यावर मला त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी हळू, एकसुरी. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. मी उठून जवळ जायला हवं होतं, पण मी तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत ते गेले, थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले.